बट डॅश टर डॅश फ्लाय

नळदुर्गजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. इंग्रजीच्या तासाला लांबलचक शब्द आला की माझी पोरं पहिली दोन अक्षरं वाचायची आणि बाकीचं छताकडे बघून ठोकून द्यायची. म्हणून मी शब्दांचे तुकडे पाडायला घेतले. फळ्यावर but-ter-fly लिहायचं, एकेक तुकडा म्हणायचा, टेबलावर एकेक थाप मारायची आणि पोरांनी माझ्यामागून म्हणायचं. या युक्तीवर मी स्वतःच भलती खूष होते.

तुकडे कुठे पाडायचे ते मी शब्दकोशात बघायचे, पण त्यानेच एकदा घोळ घातला. el-e-phant, म्हणजे एलिफंटमधला दुसरा e त्याने दोन रेघांच्या मध्ये एकटाच उभा केला होता.

"बाई, मदी एकलंच अक्षर कसं काय?" वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी म्हणाली.

"हत्ती आहे तो. त्याला ऐसपैस जागा लागते."

तिला ते पटलं. मला अजून पटलेलं नाही.

हिच्या वडिलांचा हायवेला धाबा आहे. जूनपासून पोरीला पिवळ्या व्हॅनने नळदुर्गच्या इंग्रजी शाळेत धाडायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. चौथीलाही हा वर्ग माझ्याकडेच राहणार होता आणि ही गेली तर तो अर्धा रिकामा होईल, असं मला वाटत होतं. म्हणून आपल्या शाळेतही इंग्रजी येतं हे वडिलांना दिसावं यासाठी पालकसभेत मी मुद्दाम तिलाच फळ्यापाशी उभं केलं आणि म्हटलं, वाच.

तिने खणखणीत आवाजात वाचलं, "बट डॅश टर डॅश फ्लाय!"

चूक तिची नव्हती. 'रिकाम्या जागा भरा' वाचताना रेघ आली की डॅश म्हणायचं, हे आम्हीच पहिलीपासून शिकवलेलं. आणि तुकडे केलेला शब्द मी त्या दिवसापर्यंत एकाही पोराला एकट्याने वाचायला लावला नव्हता.

सगळी सभा हसली. तिचे वडील मान हलवत म्हणाले, "बाई, इंग्रजीत ह्ये डॅश लई लागतंय की वो!"

मला स्वतःचा असा संताप आला! दुसऱ्या दिवशी सांगितलं, रेघ दिसली की तोंड मिटायचं, दम घ्यायचा आणि पुढं जायचं. परीक्षेपर्यंत मी पोरांचा आणि पोरांनी माझा पिच्छा सोडला नाही.

निकालाच्या दिवशी तिचे वडील नव्या शाळेचा कागद घेऊन आले. प्रवेशाला काय काय लागतं त्याची यादी होती, सगळी इंग्रजीत. मी हात पुढे करायच्या आत पोरीने तो कागद ओढला, टेबलावरची पेन्सिल उचलली आणि शब्दांत बारीक रेघा मारल्या.

"ट्रान्स... फर. सर... टि... फि... केट."

एकही डॅश नाही. मी टेबलावर जोरात थाप मारून "शाब्बास!" म्हणून ओरडले.

वडिलांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "बगा बाई! आता तुमीच सांगा, हिला इंग्रजी शाळंत घालाय पायजे का न्हाय?"

मी दाखल्यांचं पुस्तक काढलं आणि लिहायला बसले. नाव, जन्मतारीख, इयत्ता सगळं भराभर झालं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी हात थांबला आणि मला एकदम रडू आलं. खरं लिहायचं तर तिथे माझंच नाव आलं असतं. मी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'.