श्वासापुरतं थांबणं

जर्मनीतल्या आमच्या नाउमबुर्ग गावात रविवारी दुपारी घरोघर पियानो वाजतो, त्यात नवल काही नाही. पण माझ्या वरच्या मजल्यावर वाल्बुर्गा साथीला बसली आणि औषधांच्या दुकानाचे झाइसिग गायला लागले, की मी हातातली भांडी खाली ठेवायचे. वाल्बुर्गा पियानोच्या शिकवण्या घ्यायची. एकटीच, आणि इतकी मऊ की मला राग यायचा. आठवडाभर ती त्या दुपारचीच वाट बघायची. झाइसिग विधुर. जीव होता तिचा त्या माणसावर, पण बोलली असेल तर शपथ.

झाइसिगांचं आवडतं गाणं विरहाचं. वय झालं तसा वरचा सूर त्यांना लागेना. तर ही बया दर हिवाळ्यात गुपचूप पट्टी थोडी उतरवायची! आणि ते मिशीला पीळ देत गावभर सांगायचे, आवाज अजून विशीतलाच आहे म्हणून.

मग लाइपझिगला त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. बाप हेच गाणं गाणार, आणि साथ विहीणबाई करणार, छापील कागद बघून, म्हणजे मूळ पट्टीत. चारचौघांत फजिती ठरलेली. वाल्बुर्गा पेचात पडली. सांगावं तर माणूस तुटणार, न सांगावं तर त्याची शोभा होणार. मी म्हटलं, गप्प बस, भोगू दे त्याला. ऐकेल तर ना! रविवारी कॉफीबरोबरचा केक कापायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला खेळवत होतात," एवढंच बोलून ते जिना उतरले.

पुढचे रविवार कोरडे गेले. तरी ती पियानो उघडून बसायची. मला बघवेना.

लग्न उरकून झाइसिग एकदाचे आले. दोन शब्द सुनावावेत म्हणून मीही त्यांच्या मागोमाग वर गेले. ते पियानोपाशी उभे राहिले. लग्नात सगळ्यांदेखत त्यांनी स्वतःच सांगितलं होतं म्हणे, माझं वय झालंय, पट्टी खाली घ्या. विहीणबाईंनी घेतली. गाणं लोकांना आवडलं.

"मग चांगलंच झालं की," वाल्बुर्गा कशीबशी म्हणाली.

"कसलं चांगलं? मी श्वास घ्यायला थांबलो, तर विहीणबाई वाजवत पुढे निघून गेल्या. माझ्यासाठी तुमच्याशिवाय कुणी थांबत नाही, वाल्बुर्गाबाई."

ती रडायला लागली. भांडायला गेलेली मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.