अथेनाचं नवं नाव

संग्रहालयात प्लॅस्टरची एक देवी उभी आहे. खाली पाटी आहे, ‘मिनर्व्हा, म्हणजेच ग्रीकांची अथेना’. “दोन्ही एकच हो ताई,” रखवालदार म्हणाला, “नुसतं नाव बदललं.”

नुसतं? ग्रीकांची अथेना लढाया आखायची. रोमनांनी तिला नवं नाव दिलं, विणकाम आणि कलाकुसर तिच्याकडे ठेवली आणि युद्धाचा मान बहुतेक सगळा मार्सला, एका पुरुष देवाला, देऊन टाकला. आणि म्हणे एकच!

परवा माझ्या मैत्रिणीच्या, सुजाताच्या लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘रेवती’ लिहिलं. याच प्रथेविरुद्ध आम्ही दोघींनी पत्रक काढलं होतं. ते वाटून दमलो की याच गार दालनात येऊन बसायचो. लग्नात मी “सुजे” अशी हाक मारली, तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, “आता रेवती म्हणायचं हं.” तीही हसली. “अगं, नाव बदललं तरी मी तीच आहे की!”

“मग पत्रकं वाटायला येशील?”

ती सासूबाईंकडे बघत राहिली.

आज मी एकटीनेच वाटली. देवीच्या मुठीत भाला धरण्यापुरतं भोक आहे, भाला मात्र नाही. बाकावरची शेजारची जागा मी पिशवी ठेवून अडवली आहे, सवयीने.