सहाचा रेडिओ चेक

माझं शेवटचं पोस्टिंग एका डोंगरी चौकीवर होतं. मी फौजेत सिग्नलमन. रोज सकाळी सहाला रेडिओ चेक. आवाज कसा येतोय, ते एक ते पाचमध्ये सांगायचं. पाच म्हणजे स्वच्छ, एक म्हणजे जवळजवळ गेलाच. सुभेदारसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दोन आहे तिथे पाच सांगू नकोस. त्याने माणसं मरतात."

रेडिओवर मी कधी खोटं बोललो नाही. मानेला गाठ आली तेव्हा मात्र तीन महिने मफलर गुंडाळून 'ओके' सांगत राहिलो. मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती, चौकी सुटली असती ना. गाठ कॅन्सरची निघाली. मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. नागपुरात नंदनवनला आईबाबांकडे आलो, तिथेच किमो सुरू झाली.

मग भेटायला येणारे सुरू झाले. प्रत्येकाचं एकच, तू फौजी आहेस, तुले काय होते. या वाक्याचा मला आजही राग येतो. धीर द्यायला आलेला माणूस जाताना माझं तोंड बंद करून जायचा. भीती वाटते, हे म्हणायची सोयच उरायची नाही. मी सगळ्यांना 'ओके' सांगायचो. आईलासुद्धा.

तिसऱ्या किमोला शेजारच्या खुर्चीवर कौसल्यामावशी होत्या. पारशिवनीच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांनाही कॅन्सरच. मी आईला फोनवर 'एकदम ओके' म्हणालो आणि ओकलो.

"हातात बादली अन् मायले ओके सांगून राहिला. काहून गा?"

मी हसण्यावारी नेत सुभेदारसाहेबांचा नियम सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"मंग तो नियम मशीनसाठीच होता का?"

दुसऱ्या दिवसापासून सहाला त्यांचा फोन. कंट्रोल स्टेशन, म्हणजे सगळ्यांना हाक देऊन रिपोर्ट घेणारं, त्या, हे त्यांनीच ठरवलं. आज कसं आहे त्याचा आकडा सांगायचा, खरा सांगायचा, उपदेश करायचा नाही. कधी माझे तीन, त्यांचे दोन. कधी उलटं. तेवढ्यावर दिवस निघायचा.

पाचव्या किमोची सकाळ. जायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. कुणाला बोललो नव्हतो. सहाला फोन वाजला.

"फौजी, बोल."

तोंडात 'पाच' तयार होता.

"एक," मी म्हणालो. "मी जाणार नाही, मावशी."

"बसून राय. मायले सांग. मी येऊन राहिली."

मी आईला सांगितलं. सगळंच. ती रागावली नाही, समजूतही काढली नाही. शेजारी बसली. म्हणाली, "मलेही भेव वाटते रे बापा. तू ओके म्हणते, मंग मी कोणाले सांगू?" मग कितीतरी वेळ आम्ही दोघं नुसते रडत बसलो. निदानानंतर पहिल्यांदाच.

सव्वाआठला मावशी दारात. पहिली एसटी पकडून आल्या होत्या. "जयभीम" म्हणाल्या, चहा घेतला आणि माझी फाईल उचलली. ऑटोत मला आठवलं, आज त्यांनी आकडाच दिला नव्हता.

"दोन," त्या म्हणाल्या. "पण तुयापेक्षा जास्त हाय ना."

त्या दिवशीची किमो झाली. पुढच्याही झाल्या. माझे रिपोर्ट आता स्वच्छ येतात. नागपुरातच, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. सहाचा चेक चालू आहे, वॉर्डातले आणखी लोक जोडले गेलेत. नवा माणूस पहिल्या दिवशी हमखास 'पाच' म्हणतो. मी म्हणतो, रिपोर्ट पुन्हा द्या, या वेळी खरा.

आणि तुम्हीही पेशंटला भेटायला जाल तर शौर्य मागू नका. आकडा विचारा. एक आला तर गप्प बसून राहा, निघू नका.

मावशी मागच्या हिवाळ्यात गेल्या. शेवटच्या सकाळी त्यांनी 'एक' सांगितला होता. खरा सांगितला, म्हणून सून, मुलगा, मी, सगळे वेळेत पोचलो.

सहाला हाक आता मी देतो, पहिली त्यांनाच. "कंट्रोल, रेडिओ चेक." दहा सेकंद थांबतो. मग माझा आकडा सांगतो. आज चार होता.