साळूबाईचा बाभळीचा काटा

सरकारी उर्दू शाळेत शिकवणाऱ्या वामन मास्तरांच्या शेरवानीत एकच दोष होता: ती मास्तरांच्या अंगात असायची. कुंभार पिंपळगावच्या गुऱ्हाळात उकळता पाक बघायला ते काहिलीवर वाकले, शेरवानीचा घोळ लांब दांड्याच्या डावाला अडकला आणि डावभर पाक गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या, भुजंगच्या, उजव्या हातावर आला.

"काकवी पाह्यजे व्हती तर मागायची, मास्तर!" भुजंग म्हणाला खरा, पण त्याचे ओठ थरथरत होते.

कोणी शाई आणायला धावलं, कोणी चिखल. तेवढ्यात ऊस सोलणारी साळूबाई उठली.

"काही लावाल तर बघा! आधी पाणी."

तिने त्याचा हात मोटेच्या पाटात धरला आणि धरूनच ठेवला. गावात तव्याचा चटका बसो, वाफ लागो, नाहीतर चुन्याने कातडी जळो, हाक साळूबाईलाच. नुसतं लाल झालं तर ती हसायची. फोड आला तर तो फोडणाऱ्याला शिव्या द्यायची.

"लई दुखून राह्यलं का रे?"

"बिलकुल न्हाई, मावशी. गुळव्याचा हात हाये ह्यो!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. साळूबाईचा चेहरा मात्र उतरला. तिने पदराखालचा डावा हात बाहेर काढला. कातडी चुरगळलेली, बोटं आत वळलेली.

"नवी नवरी व्हते. तुऱ्हाट्याच्या जाळात हात गेल्ता. दुखेना, म्हून सासूनं साखर वाटली. आतपर्यंत जळालं की दुखतच न्हाई, बाबा."

सगळे भुजंगच्या हाताकडे बघू लागले. पाण्यात टाकलेला पाक याच हाताच्या दोन बोटांनी चोळून भुजंग गूळ झाला की नाही ते सांगायचा. त्याचं घर त्या बोटांवर चालायचं.

साळूबाईने बाभळीचा काटा मोडून आणला, हातावरच्या पांढुरक्या डागावर हलकेच टेकवला. भुजंग गप्प. जरा दाबला. भुजंग गप्पच, नुसता कपाळावर घाम. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"खरं सांग, मुडद्या!" तिने काटा टोचला.

"आई गंऽऽ मेलो! मघापासून आग होऊन राह्यली, पण मास्तरासमोर रडू कसा?"

बोंब पार वेशीपर्यंत गेली. साळूबाई मटकन खाली बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. मग धुतलेलं फडकं तिने त्या हाताला सैलसर गुंडाळलं.

मास्तर शेरवानी सावरत पुढे आले. "साळूबाई, माझ्यामुळं झालं हे. काहीतरी सांगा, आत्ता करतो."

"मंग बाहेर जाऊन बसा, मास्तर. ह्याला रडायचंय."