माजलगावचा वास
साखर कारखाना सुरू झाला की आमच्या माजलगावात सकाळपासून मळीचा वास सुटतो, आणि मला अंबाजोगाईची घरमालकीण आठवते. कॉलेजला असताना मी तिच्याकडं खोली घेऊन राहायचे. दिवाळीनंतर आईनं शिवलेली नवी गोधडी घेऊन परतले, तर तिनं दारातच नाकाला पदर लावला आणि चार पोरींसमोर म्हणाली, "आधी गच्चीवर टाक ती! शिकल्यासवरल्यांचं गाव हाय हे, तुमच्या माजलगावचा वास घरात नको." पोरी खिदळल्या. ऐन थंडीत गोधडी तीन दिवस गच्चीवर पडून होती, आणि मी खाली पातळ चादरीत कुडकुडत. आता मीही इथं खोल्या भाड्यानं देते, आणि गेल्या महिन्यात तीच बाई माझ्या दारात उभी! मुलाला इथल्या कॉलेजात नोकरी लागलेली, मायलेकांना खोली पाहिजे होती. तिनं मला ओळखलं नाही. मी "या मावशी" म्हणत चहा पाजला आणि कारखान्याकडं खिडकी असलेली खोली दिली. काल नाकाला पदर लावून विचारत होती, "दुसरी खोली न्हाई का, बाई?" "न्हाई," मी म्हणाले. धरणाकडची हवेशीर खोली रिकामीच आहे. तिला कुलूप घातलंय, आणि आत पलंगावर आईची गोधडी अंथरलीय.