आंब्याखालची जाळी

आमची मळी, म्हणजे गाळाची जमीन, कृष्णेच्या अगदी काठाला. काठावर सासऱ्यांचा आंबा. त्यांची रक्षा नदीत न सोडता तिथं पुरली आणि वर रोप लावलं. आमच्याकडं आता तशीच रीत पडलीय. पण नदी दर पावसाळ्यात काठ खात आली. केवढी हावरी गं बाई! उसाच्या सऱ्या गिळत ती आंब्याच्या मुळांपाशी पोचली, तेव्हा सासूबाईंनी जेवण टाकलं. "एकदा काळानं न्हेलं, आता त्यास्नी नदीला न्हेऊ द्यायची न्हाई," म्हणाल्या.

नवरा फौजेतून सुट्टीवर आला होता. त्यानं तारेच्या जाळ्या आणल्या, ट्रॉलीनं गोटे आणले, जाळ्यांत भरून काठाला भिंत रचली. संध्याकाळी सुपारी कातरत सासूबाईंनी विचारलं, "गोटं कुठलं रं?"

"घाटाखालचं. तितं लय पडल्यात."

अडकित्ता थांबला. माणूस गेलं की त्याच्या नावानं एक दगड घ्यायचा, जीवखडा, आणि दहाव्याला तो घाटावरून पाण्यात सोडायचा. गावानं पिढ्यान्‌पिढ्या सोडलेले खडे त्याच घाटाखाली. "आरं गाढवा," त्या पुटपुटल्या, "सुटल्यालं जीव पुन्ना कोंडलंस व्हय?" नवऱ्याची सुट्टी संपली. तो गेला, भिंत राहिली.

श्रावणात पाणी चढलं. भरदुपारी जाळीतले गोटे एकमेकांवर वाजायला लागले. कट्, कट्. भावकी जमून कुजबुजावी तसं. शेजारच्यांचा काठ धडाधड कोसळला, आमचा आंबा हलला नाही. मला घरात पळावंसं वाटत होतं. सासूबाई मात्र भिंतीपाशी पदर पसरून बसल्या. "धरा रं बाबांनू," म्हणत राहिल्या.

पाणी ओसरल्यावर मला म्हणाल्या, "माजा खडा पाण्यात सोडू नगंस. ह्या जाळीत घाल. ह्या समद्या जीवांस्नी अडकवून मी एकटी सुटू व्हय?"

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दहाव्याला भावकी घाटावर ताटकळली, मी खडा घेऊन सरळ मळीत आले. लोक वाट्टेल ते बोलले. बोलेनात का! वरची तार वाकवली आणि खडा आत घातला. मग लय रडले.

परवा पुन्हा पाणी चढलं, गोटे वाजायला लागले. त्यातला एक आवाज मी ओळखला. सुपारी फुटताना यायचा, तोच. मी सासूबाईंना ओरडून म्हणाले, "आवं आत्ती, दमला असाल तर सांगा, तार सोडते!"

आवाज थांबला नाही. आंबा जागेवर आहे.