मागून उठणारी गाडी

वाचकहो, हातात चहाचा कप असेल तर खाली ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना हाक मारा आणि जमलं तर टीव्हीचा आवाजही बंद करा. मी आता जे जाहीर करणार आहे त्याची झळ जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या बाजारपेठांना आजवर लागत आली आहे. माझे थोरले साडू म्हणजे खान्देशातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक! सर्वांत मोठं म्हणजे सर्वांत जास्त खरेदी करणारं, असा कुणी अर्थ घेऊ नये. ते फारसं काही घेतच नाहीत. पण एखादी वस्तू घ्यायचं त्यांच्या नुसतं मनात आलं, की त्या वस्तूचे दुकानदार जेवणाच्या सुट्टीची वेळ बदलतात.

साडू जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवतात. राहतात जळगावात, पण शेत मुक्ताईनगरच्या पलीकडे, आणि शेतात केळी. ही केळीची बाग त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी उभी केली. आबा त्यांच्या उमेदीत पंचक्रोशीतले बैलांचे पारखी होते. कुणाला बैलजोडी घ्यायची झाली की आबांना बाजारात घेऊन जात. त्यांची परीक्षा एकच. दात बघत नसत, शिंगं बघत नसत, चाल तर अजिबात बघत नसत. "चालताना सगळेच बैल चांगले दिसता," ते म्हणत. "बसताना पाहावा, अन् उठताना घ्यावा." पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आला, पण हा नियम साडूंच्या अंगात जो भिनला तो भिनला. जगातल्या प्रत्येक वस्तूला ते बैलाचीच परीक्षा देतात. फ्रिज घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने आतले कप्पे, ट्रे, दिवा असं सगळं दाखवलं. साडूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता बंद करा." फ्रिज बंद झाला. साडू त्याच्या पाठीला कान लावून, त्याचा श्वास पूर्ण थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "आता उठवा." तो फ्रिज उठताना कण्हला, म्हणून नापास झाला. तसले बरेच नापास झाले. शेवटी जो पास झाला तो आजही त्यांच्या घरात आहे आणि तो सुरू होताना खरोखरच कुणालाही कळत नाही.

माझ्या पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा आम्ही सगळे मुलाचं शिक्षण, नोकरी, घर बघत होतो. साडूंनी मुलाला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला आणि माझ्या थोरल्या मेव्हणीला, सांगितलं की आज टेबलावर नको, पंगत खाली मांडा. भरीत-पुरीचं जेवण झालं, मुलगा मांडीवरून उठला, आणि साडू माझ्या कानाशी लागले. "पाहुणे, हात न टेकता उठला. पोरगी द्या." दिली. संसार उत्तम चालला आहे, त्यामुळे या पद्धतीविरुद्ध घरात कुणालाच काही बोलता येत नाही.

अशा माणसाने चारचाकी घ्यायचं ठरवलं, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलं आहे याची मला धुळ्यात बसल्या बसल्या कल्पना आली. पण या वेळी कारण हौसेचं नव्हतं. आबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन ते घरातल्या घरात हिंडू लागले, पण शेत सुटलं. शेताचा रस्ता म्हणजे काळ्या मातीचा गाडरस्ता आणि मध्ये नाला. साधी मोटार तिथे पोटापर्यंत रुतते. ट्रॅक्टरवर आबांना चढता येत नाही. एकदा सालदाराने, म्हणजे शेतावरच्या वर्षाच्या गड्याने, त्यांना अलगद उचलून ट्रॅक्टरवर ठेवायचा प्रयत्न केला, तर आबा कडाडले, "खाली ठेव! मी काय केळीचा घड हाये का?" स्टूल आणलं तर म्हणाले, "पाटावर पाय देऊन चढाले मी काय नवरी हाये?" तेव्हापासून आबा जळगावच्या गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीची गच्ची बघत बसत. बागेची खबर साडू रविवारी जाऊन घेऊन येत. आबा ऐकून घेत आणि "बरं" म्हणत. पूर्वी ते "बरं" कधी म्हणत नसत. पूर्वी ते भांडत. साडूंना ते "बरं" सहन होईना.

म्हणून गाडी हवी होती चारही चाकांना जोर असलेली. नव्या गाड्यांच्या किमती ऐकून साडूंनी शोरूममधलं पाणीसुद्धा प्यायलं नाही. मग त्यांना शोध लागला की मोठमोठ्या लोकांच्या राजेशाही विलायती गाड्या म्हाताऱ्या झाल्या की मास्तरच्या आवाक्यात येतात. लोकांनी हरप्रकारे समजावलं. शाळेतले सहकारी म्हणाले, "सर, हत्ती घेणं सोपं असतं, रोजचा ऊस कोण देणार?" साडू म्हणाले, "ऊस लागला तर बघू. सोंड चालते का ते आधी बघतो." त्यांच्या खिशात त्या दिवसांत एक सुतळीचा तुकडा असे. आबांनी काठीवर भार देऊन पाय जेवढा वर उचलला, तेवढी त्या सुतळीची लांबी. कुठलीही गाडी दिसली की ते दार उघडून सुतळी जमिनीपासून पायरीपर्यंत धरत. ती कधीच पुरत नसे. चिखलातून जाणारी गाडी उंच असणारच, आणि उंच गाडीत आबा चढणार नाहीत. जळगावच्या गाड्या झाल्या, भुसावळच्या झाल्या. सुतळी घडी करून ते परत खिशात ठेवत आणि गाडीच्या मालकाला म्हणत, "गाडी चांगली आहे, पण आमच्या मापाची नाही." मालकाला वाटे, या किडकिडीत माणसाला आणखी केवढी गाडी हवी!

शेवटी ते धुळ्याला आले. आमच्या देवपुरातल्या घरी उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन, मला सोबत घेऊन, आग्रा रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे निघाले. व्यापारी तरुण होता, गॉगल डोक्यावर, टी-शर्ट दंडाला तंग. आवारात एक विलायती गाडी उभी होती. काळी, प्रशस्त, आत कातडी खुर्च्या, छतात काचेची खिडकी. तिचं इंजिन चालू होतं. "एसी चालूच ठेवतो सर," व्यापारी म्हणाला, "कस्टमर बसला की गार वाटलं पाहिजे." साडूंनी सुतळी काढली, पायरीशी धरली, परत खिशात ठेवली. पुरली नव्हतीच. मी निघायला वळलो. पण साडू परीक्षा अर्धी सोडणारे नव्हेत. "बंद करा," ते म्हणाले.

"बंद कशाला सर? चक्कर मारून बघा ना!"

"चालताना सगळ्याच चांगल्या दिसतात."

व्यापाऱ्याने नाइलाजाने किल्ली फिरवली आणि का कोण जाणे, घाम पुसला. साडूंनी आवारातल्या कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली आणि गाडीकडे तोंड करून बसले. व्यापाऱ्याने आधी कागदपत्रं दाखवायचा प्रयत्न केला, मग थंड पेय आणलं, मग सांगितलं की आज लवकर बंद करायचं आहे. साडूंनी त्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. आमचं जेवण झालं, मी जरा लवंडलो, आणि डुलकी लागणार एवढ्यात कुठूनसा आवाज आला, फुस्स्स! मी उठून बसलो. ती राजेशाही गाडी, आमच्या डोळ्यांदेखत, खाली चालली होती. आधी पुढून वाकली, मग मागून, आणि चारी चाकं पोटाशी घेऊन, दमलेल्या जनावरासारखी, जमिनीसरसी बसली.

व्यापाऱ्याची शहरी भाषा त्या क्षणी संपली आणि अहिराणी सुरू झाली. "भाऊ," तो काकुळतीला आला, "बठ्ठी गाडी चांगली शे! फक्त हवा टिकत नही. तिन्हा खाले स्प्रिंगा नहीत, हवाना फुगा शेत. मी दुरुस्त करी देसू, पण सौदा मोडू नका!"

 साडू उठून गाडीजवळ गेले, दार उघडलं, सुतळी काढली. जमिनीपासून पायरीपर्यंत धरली. सुतळी पुरून वर बोटभर उरली. त्यांनी ती दोनदा धरून पाहिली. मग घसा खाकरून, परीक्षकाच्या करड्या आवाजात म्हणाले, "आता उठवा." व्यापाऱ्याने इंजिन सुरू केलं. गाडी थरथरली, आणि आधी मागचा भाग वर आला, मग सावकाश पुढचा. साडूंनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला. "पाहुणे! पाहिलं? घोडा पुढून उठतो. बैल मागून उठतो. ही बैलाची जात आहे!"

यानंतर सौदा झाला तो मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. साडूंनी खिशातून मोठा रुमाल काढला, व्यापाऱ्याचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. व्यापाऱ्याला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. भर दुपारी एक भूगोलाचा मास्तर रुमालाखाली आपली बोटं का चेपतो आहे, हे न कळून त्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. सौदा बोटांनीच ठरला. शेवटी व्यापारी एवढा सद्गदित झाला होता की म्हणाला, "हवेचे फुगे माझ्या खर्चाने बदलून देतो." साडू एकदम ताठ झाले. "फुग्यांना हात लावलात तर सौदा मोडला!" जुन्या गाड्यांच्या व्यापारात दोष दुरुस्त करू नये म्हणून भांडलेलं दुसरं गिऱ्हाईक मी तरी ऐकलेलं नाही.

पावसाळा सरता सरता आम्ही आबांना घेऊन निघालो. साडू, अक्का, आबा आणि मी. रात्रभर दारात बसून राहिलेल्या गाडीत आबा काठी टेकत, कुणाचाही हात न घेता, घराच्या उंबऱ्यावरून आत यावं तसे बसले. इंजिन सुरू झालं, गाडी मागून उठली. आबांनी भुवई वर केली. मुक्ताईनगर मागे पडलं, डांबर संपलं, काळी माती सुरू झाली. पुढच्या खुर्च्यांच्या मध्ये एक गोल बटण होतं. त्यावर डोंगर, वाळू, चिखल, बर्फ अशी चित्रं होती म्हणे. पहिल्या मालकाच्या बोटांनी चिखल पुसला गेला होता. साडूंनी विचार केला आणि बर्फावर ठेवलं. मुक्ताईनगर तालुक्यात बर्फावर चाललेली ती पहिलीच गाडी असावी. नाल्यात ती बाजूला घसरली, अक्कांनी डोळे मिटून मुक्ताईचं नाव घेतलं, मी खिडकीवरची मूठ धरली, आणि गाडी रखडत, गुरगुरत, पलीकडच्या काठावर चढली. साडूंच्या कपाळावर घाम होता. आबा काचेतून बाहेर बघत होते.

बागेच्या बांधाशी साडूंनी इंजिन बंद केलं. आणि मग आमच्या लक्षात आलं, की आता ती बसेपर्यंत आबांना उतरता येणार नाही. आणि ती बसेना. साडूंनी दार उघडून सुतळी धरली. पुरेना. केळीची पहिली रांग हाताच्या अंतरावर होती, पानं वाऱ्याने दाराशी यायची आणि परत जायची. सालदार पुढे झाला. आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो मागे झाला. अक्कांनी थर्मासमधला चहा दिला. साडू गाडीच्या बोनेटवर थाप मारून हळूच म्हणाले, "बस, बस ग माय." शाळेतल्या मुलांनी हे पाहिलं असतं तर भूगोल कायमचा बुडाला असता. मी हसणार होतो, पण साडूंचा चेहरा पाहिला आणि नजर बागेकडे वळवली. आणलं, एवढ्या जवळ आणलं, आणि आता काचेतूनच बाग दाखवून परत न्यायचं की काय, हे त्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. चहा संपला.  आणि मग, एकदाचं, फुस्स्स!

आबा उतरले. एक पाय काळ्या मातीत, मग काठी, मग दुसरा पाय. पहिल्याच झाडाशी थांबले, बुंध्यावर तळहात ठेवला. घडाखाली वाकून पाहिलं. मग बुंध्याशी फुटलेली पिलं वेळेवर न कापल्याबद्दल सालदाराला आणि साडूंना मिळून त्यांनी जे सुनावलं, ते इथे छापण्यासारखं नाही. साडू मान खाली घालून ऐकत होते. आयुष्यात इतक्या समाधानाने शिव्या खाणारा माणूस मी पाहिला नाही. बोलून झाल्यावर आबा रांगेतून सावकाश आत गेले. बऱ्याच वेळाने परत आले ते बांधावर टेकले आणि तिथेच राहिले.

पश्चिमेकडे ढग आले होते. नाल्याला पाणी आलं असतं तर बर्फाचंही बटण कामाला आलं नसतं. साडूंनी दार उघडून धरलं. "आबा, चला ना. ती बसलेली आहे तोवर चढून घ्या."

आबांनी बोटांनी थोडी माती कुस्करली, केळीकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि एकदम म्हणाले, "बसू दे ना रे तिले! येवढ्या लांबून आली, थकली असन."